पोलिसांत द्यावे की दवाखान्यात आणावे?

दवाखान्याची सकाळची वेळ संपत आली होती. शेवटच्या रुग्ण म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आत आल्या. रक्तदाब आणि मधुमेहासाठी त्या कित्येक वर्षे माझ्याकडे येत. सारे गाव त्यांना 'बाई' म्हणते, मीही बाईच म्हणतो. त्या दिवशी मात्र त्यांनी रक्तदाब मोजण्यासाठी हात पुढे केला नाही. पर्समधून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आत कागदाची एक छोटीशी पुडी होती आणि काळे ओघळ उमटलेला चांदीच्या कागदाचा तुकडा.

"नातवाच्या पँटच्या खिशात सापडलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, खरं सांगा. ह्याला पोलिसांत देऊ, की तुमच्याकडे आणू?"

मुलगा बावीस वर्षांचा. आई लहानपणीच गेलेली, वडील नोकरीनिमित्त परगावी. त्याला वाढवले आजीनेच. मी रुमाल बांधून परत दिला आणि म्हणालो, "बाई, सध्या बोभाटा करू नका. गोडीगुलाबीनं समजावा. वयच तसं असतं, येईल ताळ्यावर."

वाचकहो, त्या सल्ल्याला मी आज स्पष्ट शब्दांत चूक म्हणतो. तीन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा घरातून दोन बांगड्या गेल्या होत्या आणि त्यांच्या गुडघेदुखीच्या व झोपेच्या गोळ्यांची पाकिटे वेळेआधीच संपू लागली होती. त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. स्वतःच्या पुडीचे पैसे उभे करण्यासाठी मुलगा दुसऱ्याच्या पुड्या पोहोचवू लागला होता. आता तो रुग्ण होता आणि विक्रेताही. बाईंचा पहिलाच प्रश्न आता अधिक कठीण होऊन समोर उभा राहिला.

त्या प्रश्नाचा विचार करताना मला सर्वांत अधिक शिकवले ते हिंदी महासागरातील एका चिमुकल्या देशाने. त्याचे नाव सेशेल्स. आपल्या घरातील ज्येष्ठांना त्या देशाच्या अनुभवातून काय घेता येईल, ते सांगण्यासाठी हा लेख.

सगळे सगळ्यांना ओळखतात तेव्हा

मुंबईच्या नैर्ऋत्येस सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरवर सेशेल्स हा ११५ बेटांचा देश आहे. साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळापेक्षा कमी भरते. लोकसंख्या एक लाखाच्या आसपास. त्यातील बहुतेक लोक माहे या एकाच मुख्य बेटावर राहतात आणि त्या बेटाची लांबी जेमतेम २७-२८ किलोमीटर आहे. पर्यटन आणि टूना मासळी यांवर देश चालतो. २०१५ मध्ये जागतिक बँकेने त्याची गणना उच्च उत्पन्नाच्या देशांत केली. निळे पाणी, पांढरी वाळू आणि नवपरिणित जोडप्यांची छायाचित्रे हीच त्याची जगाला असलेली ओळख.

याच देशात गेल्या वीस वर्षांत हेरॉइनने घरे पोखरली. हेरॉइनचे अशुद्ध रूप म्हणजे आपण ज्याला 'गर्द' किंवा 'ब्राउन शुगर' म्हणतो तेच. २०११ मधील पाहणीत तेथे हेरॉइन टोचून घेणाऱ्यांची संख्या सुमारे १,२०० असावी असा अंदाज निघाला होता. २०१९ पर्यंत हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांचा अधिकृत अंदाज पाच ते सहा हजारांवर पोहोचला. म्हणजे काम करण्याच्या वयातील दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. हे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक मानले गेले.

हे विष तेथे पिकत नाही. अफगाणिस्तानातील अफूचे हेरॉइन इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून गलबतांत भरले जाते आणि अरबी समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे निघते. वाटेत ते बेटांवर उतरते. सेशेल्सची जमीन साडेचारशे चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा सागरी प्रदेश साडेतेरा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक. एवढ्या पाण्यावर मूठभर गस्ती नौकांनी पहारा कसा ठेवावा?

जमिनीवरचा पहारा तर त्याहून अवघड. लहान बेटावर पोलीस, आरोपी, साक्षीदार आणि तुरुंगाचा शिपाई हे एकाच शाळेत शिकलेले असतात. कुणी कुणाचा मावसभाऊ असतो, कुणी शेजारी. खबर देणाऱ्याचे नाव सायंकाळपर्यंत बाजारात पोहोचते. आपल्या खेडेगावातील वाचकांना ही स्थिती निराळी समजावून सांगायला नको. सेशेल्सने २००९ च्या सुमारास अंमली पदार्थांविरुद्ध स्वतंत्र यंत्रणा उभी केली, तिचे नेतृत्व आयर्लंडच्या अधिकाऱ्यांकडे दिले. तेथील राज्यघटनेनुसार परदेशी नागरिकाचीही ठरावीक मुदतीसाठी न्यायाधीश म्हणून नेमणूक करता येते. नातेसंबंधांच्या जाळ्याबाहेरचा माणूस आणला की निःपक्षपातीपणा सोपा होतो, हा त्याचा फायदा. परंतु बाहेरच्या माणसाला समोर उभ्या असलेल्या मुलाच्या घरची कथा ठाऊक नसते, आणि न्याय करताना ती ठाऊक असणेही कधी कधी आवश्यक असते.

दोन ग्रॅमची रेषा

सेशेल्सच्या १९९० च्या कायद्यात एक तरतूद होती. कुणाजवळ दोन ग्रॅमपेक्षा अधिक हेरॉइन सापडले, तर तो विक्रीसाठीच बाळगत आहे असे कायदा गृहीत धरी. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. दोष सिद्ध झाला की कित्येक वर्षांची किमान शिक्षा ठरलेलीच. ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या हाती फारसा उरत नसे. २०१४ मध्ये या शिक्षा आणखी वाढवण्यात आल्या.

वैद्यकाच्या नजरेने या रेषेकडे पाहा. हेरॉइनची सवय जुनी होत जाते तसे शरीर त्याला सरावते आणि तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते. पुरते आहारी गेलेल्या माणसाजवळ दोन-चार दिवसांच्या सोयीसाठी ठेवलेला साठाच दोन ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. शिवाय असे बहुतेक व्यसनी स्वतःची गरज भागवण्यासाठी थोडी विक्रीही करतात. म्हणून कायद्याच्या जाळ्यात सहज सापडतो तो हाच मासा. गलबते भाड्याने घेणारा, पैसा पुरवणारा, स्वतः कधी पुडीला हात न लावणारा सूत्रधार दोन ग्रॅम घेऊन रस्त्यावर फिरत नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. तुरुंग भरले. २०१४ च्या सुमारास लोकसंख्येच्या प्रमाणात कैद्यांची संख्या पाहिली तर सेशेल्स जगात सर्वांत वरच्या स्थानी होता: दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ८०० कैदी. त्यात सोमाली समुद्री चाचेही होते, हे खरे. तरीही स्थानिक तरुणांची संख्या मोठी होती. इतके होऊनही बाहेर हेरॉइन घेणारे वाढतच राहिले.

डॉक्टर या नात्याने मला येथे एक धोक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. तुरुंगात असताना माणसाला अंमली पदार्थ मिळाले नाहीत तर त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरते. आजार मात्र मेंदूत तसाच राहतो. सुटका झाल्यावर तो जुन्या ओढीने जुनीच मात्रा घेतो आणि त्या मात्रेने त्याचा श्वास थांबतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे अशा रुग्णासाठी सर्वाधिक घातक असतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. केवळ कोंडून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

कायद्याने फरक करायला शिकले पाहिजे

२०१६ मध्ये सेशेल्सने जुना कायदा बाजूला ठेवून नवा केला. मोठ्या तस्कराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देण्याची तरतूद त्यातही राहिली. मात्र ठरलेल्या किमान शिक्षा गेल्या आणि न्यायाधीशाला माणसाकडे पाहण्याची मुभा परत मिळाली. संघटित टोळी, अल्पवयीन मुलांचा वापर अशा गोष्टी असल्यास गुन्हा अधिक गंभीर धरावा. आर्थिक लाभाचा हेतू नसणे, कुणाच्या दबावाखाली केलेले कृत्य, गुन्ह्याची प्रामाणिक कबुली अशा गोष्टी असल्यास शिक्षा सौम्य करावी, असे मार्गदर्शन कायद्यातच घातले गेले. स्वतःच्या सेवनापुरता पदार्थ बाळगणाऱ्याला उपचाराकडे वळवण्याची वाट मोकळी झाली. जुन्या कायद्याखाली शिक्षा भोगत असलेल्यांच्या शिक्षांचा फेरविचारही झाला. पुढील वर्षांत कैद्यांचे प्रमाण बरेच खाली आले.

२०१७ मध्ये दुसरे पाऊल पडले. अंमली पदार्थांविरुद्धची ती स्वतंत्र यंत्रणा मोडून तिचे काम पोलीस दलातील विभागाकडे देण्यात आले आणि प्रतिबंध व पुनर्वसनासाठी वेगळी संस्था निर्माण झाली. तिचे प्रमुखपद पॅट्रिक एर्मिनी यांच्याकडे होते. ते शिक्षणाने वैद्यकीय डॉक्टर. त्याआधी देशाच्या राष्ट्रीय सभेचे सभापती होते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. हेरॉइनचे व्यसन हा मधुमेहासारखा दीर्घकालीन आजार समजून उपचार करावेत, ही या संस्थेची भूमिका होती.

उपचाराचा कणा होता मेथाडोन. हे पातळ औषध तोंडावाटे देतात. हेरॉइन मेंदूतील ज्या जागी बसते त्याच जागी हे बसते, पण हळूहळू आणि दीर्घकाळ. त्यामुळे झिंग येत नाही आणि हेरॉइन बंद झाल्यावर होणारी तडफड, गर्दच्या जगात जिला 'टर्की' म्हणतात, तीही टळते. रुग्ण सकाळी औषध घेऊन कामावर जाऊ शकतो. सेशेल्समध्ये औषधाची गाडी ठरलेल्या जागी उभी राहू लागली आणि लोक रांगेत उभे राहून समोरच मात्रा घेऊ लागले. लहान बेटावर त्या रांगेत उभे राहणे म्हणजे सर्वांना दिसणे. तरीही लोक उभे राहिले. आजार म्हणून मान्य झालेल्या गोष्टीची लाज हळूहळू कमी होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. हेरॉइन तेथून हद्दपार झालेले नाही. उपचार घेता घेता काही जण पुन्हा घसरतात. मेथाडोन म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे धरणे, अशी टीकाही होते. त्या टीकेला उत्तर एवढेच की, रोज इन्शुलिन घेणाऱ्याला आपण इन्शुलिनचा व्यसनी म्हणत नाही. रुग्ण जिवंत आहे, सुई वाटून घेत नाही, चोरी करत नाही, मुलांच्या शाळेची फी भरतो. वैद्यकात यालाच प्रगती म्हणतात.

मॉरिशसमधील आपली माणसे

सेशेल्सच्या दक्षिणेस मॉरिशस आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तेथे आजही गणेशोत्सव साजरा करतात. ते बेटही याच वाटेने गेले. तेथे १९८० च्या दशकात हेरॉइन पसरले आणि १९८६ च्या कायद्याने तस्करीसाठी फाशीची तरतूद केली. १९९२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सक्तीच्या फाशीची ती व्यवस्था मान्य केली नाही. आरोपीला कोणत्या न्यायालयापुढे उभे करायचे हे सरकारी अभियोक्ता ठरवी आणि त्या निवडीबरोबर शिक्षाही त्याच्याच हातून ठरून जाई. शिक्षा ठरवणे हे न्यायाधीशाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय. १९९५ मध्ये मॉरिशसने फाशीच रद्द केली आणि २००६ मध्ये मेथाडोनचे उपचार सुरू केले. दोन्ही बेटांनी आधी कठोरता अजमावली आणि मग फरक करायला शिकली.

आपल्याकडे काय आहे?

आपला अंमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला एनडीपीएस म्हणतात, १९८५ चा आहे. आरंभी त्यातही अनेक गुन्ह्यांना सरसकट किमान दहा वर्षांची शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती प्रमाणानुसार ठरू लागली. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण अल्प आणि २५० ग्रॅमच्या पुढचे प्रमाण व्यापारी धरले जाते.

आजी-आजोबांनी आवर्जून लक्षात ठेवावीत अशी दोन कलमे यात आहेत. कलम ३९ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, तत्काळ शिक्षा न देता उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. दार उघडे आहे, पण त्यातून स्वतः चालत आत जावे लागते आणि आत टिकावे लागते. कायदेशीर तपशिलासाठी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

उपचारांच्या बाबतीतही आपण उपेक्षित नाही. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणाने व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवण्याचा धडा महाराष्ट्राला दिला. काही शासकीय रुग्णालयांत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देऊन उपचार केले जातात. जवळचे केंद्र कोठे आहे हे १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर विचारता येते.

घरातील ज्येष्ठांनी काय करावे?

ओळखावे. बोलता बोलता पेंग येणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, अंगाला खाज, वजन उतरणे, स्नानगृहात तासन् तास घालवणे, काळे ओघळ असलेले चांदीचे कागद ही गर्दची चिन्हे असू शकतात. मात्रा चुकली की नाक-डोळे वाहणे, सतत जांभया, अंगावर काटा, हाडे मोडून आल्यासारखी अंगदुखी आणि जुलाब होतात. एखादे चिन्ह दिसले म्हणून आरोप करू नये. चार चिन्हे एकत्र दिसली तर दुर्लक्ष करू नये.

पुडी सापडल्यास ती घेऊन फिरू नये. बाई ती रुमालात बांधून गावभर चालत आल्या. कायद्याच्या दृष्टीने ती पुडी त्या वेळी त्यांच्याजवळ होती. ही गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती; तेव्हा सांगितली नाही.

स्वतःची औषधे कुलपात ठेवावीत. ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांचा व्यसनासाठी वापर होतो. घरात यांतील काही असेल तर गोळ्या मोजून ठेवाव्यात आणि दर आठवड्याला पुन्हा मोजाव्यात. चिठ्ठी देऊन नातवाला एकट्याला औषधे आणायला पाठवू नये. मात्र भीतीपोटी स्वतःच्या झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. त्याने झटके येण्याचा धोका असतो. माझ्यासारख्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून त्या हळूहळू कमी कराव्यात.

रोख पैसे देऊ नयेत. 'एवढीच उधारी फेडतो, मग सोडतो' हे वाक्य प्रत्येक आजीने ऐकलेले असते. विक्रेत्याची उधारी फेडली की नवी उधारी मिळण्याची सोय होते. जेवण द्यावे, बसचा पास काढून द्यावा, रुग्णालयाचे शुल्क स्वतः भरावे. बँकेचे कार्ड आणि पेन्शनचे पासबुक त्याच्या हाती लागू देऊ नये.

खोलीत कोंडू नये. हेरॉइन बंद झाल्याने होणारा त्रास भयंकर वाटतो, पण जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले नाही तर त्याने सहसा जीव जात नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर मात्र झटके येऊन जिवावर बेतू शकते. अनेक मुले हे सारे एकत्र घेतात, म्हणून घरगुती प्रयोग टाळावेत.

तातडीची लक्षणे लक्षात ठेवावीत. हलवूनही जाग येत नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघरता, ओठ-नखे निळसर झाली आहेत, अशी स्थिती असेल तर तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा, त्याला कुशीवर वळवावे आणि एकटे सोडू नये. काय घेतले असावे हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. हेरॉइनवर नॅलॉक्सोन हा उतारा रुग्णालयात मिळतो. तुरुंगातून, केंद्रातून किंवा दीर्घ खंडानंतर परतलेल्या मुलाच्या बाबतीत पहिले काही आठवडे विशेष डोळ्यांत तेल घालून पाहावे.

मर्यादा आखावी. तो अंगावर धावून येत असेल, घरात अनोळखी माणसे पुड्या घेण्यासाठी येऊ लागली असतील, लहान भावंडांना या कामात ओढत असेल, तर घरातील इतरांची सुरक्षितता आधी. अशा वेळी ११२ वर पोलिसांना बोलावणे ही नातवाशी केलेली प्रतारणा नव्हे. विक्रेत्याला जाब विचारायला मात्र आपण स्वतः जाऊ नये. ते काम पोलिसांचे आहे.

आणि स्वतःची काळजी घ्यावी. अशा घरांत आजीचा रक्तदाब वाढतो, साखर बिघडते, झोप उडते आणि आजी ते कुणाला सांगत नाही. नातवाच्या उपचारांबरोबर आपल्या तपासण्या चुकवू नयेत.

बाईंच्या प्रश्नाकडे परत येतो

तीन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा मी माझा पहिला सल्ला मागे घेतला. दुसऱ्याच दिवशी त्या नातवाला घेऊन आल्या. तो तासभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "डॉक्टर, मला हे पोचवायचं काम सोडायचंय, पण सकाळी टर्की लागली की काही सुचत नाही." मी त्याला शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे ब्युप्रेनॉर्फिन सुरू झाले. वडिलांनी बदली मागून घेतली. बाईंनी एका वकिलांकडे जाऊन कलम ६४-अ समजून घेतले आणि उपचारांचे प्रत्येक कागदपत्र एका फाइलमध्ये लावून ठेवले. शाळेची हजेरी सांभाळावी तसे.

पहिल्या वर्षी तो एकदा घसरला. चार दिवस दिसला नाही, पाचव्या दिवशी स्वतःच रुग्णालयात गेला. आता दोन वर्षे होत आली. तो विजेच्या दुरुस्तीच्या एका दुकानात काम करतो आणि रोज सकाळी औषध घेऊन तिकडे जातो. ही गोष्ट येथे संपली असे मी म्हणणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाविषयी तरी आपण तसे कुठे म्हणतो?

गेल्या महिन्यात बाई रक्तदाब तपासायला आल्या होत्या. औषधांच्या कपाटाची किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली होती. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, हे सगळं पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? ते तीन महिने वाचले असते."

"मला ठाऊक नव्हतं, बाई," मी म्हणालो.

वाचकहो, तुमच्या घरात कधी अशी पुडी सापडली तर तुमचे ते तीन महिने जाऊ नयेत. आधी दवाखान्यात या, त्याच आठवड्यात या. आणि मुलगा स्वतःहून यायला तयार नसेल, तर तुम्ही एकटे या.